घटक ७ : वस्त्र, स्पर्धा आणि भाषा – वस्त्ररचनेच्या अंतिम फेरीतील भाषाव्यवहाराचा अभ्यास

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रयुक्ती ही संकल्पना पाहिली. विशिष्ट क्षेत्रात, विशिष्ट नात्याने बांधलेली माणसे, विशिष्ट माध्यमातून बोलतात तेव्हा भाषेला जे रूप येते, त्याला आपण प्रयुक्ती म्हटले. मायकेल हॅलिडे या भाषावैज्ञानिकाने क्षेत्र, संबंध आणि माध्यम असे तिचे तीन घटक मानले आहेत, हेही आपणास आठवत असेल. प्रस्तुत घटकात हीच संकल्पना एका जिवंत उदाहरणावर वापरून पाहावयाची आहे. हे उदाहरण आहे दूरचित्रवाणीवरील वस्त्ररचना स्पर्धेच्या अंतिम फेरीचे.

असे हलकेफुलके उदाहरण पदवीच्या अभ्यासक्रमात का, अशी शंका काहींच्या मनात येईल. अशा फेरीत कपड्यांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व बोलण्याला असते. स्पर्धकाने काही आठवडे खपून तयार केलेली वस्त्रे रंगमंचावर अवघी काही मिनिटे दिसतात. त्यानंतर स्पर्धक परीक्षकांसमोर उभा राहतो आणि आपण काय केले, ते का केले, हे सांगू लागतो. ज्याला हे सांगता येत नाही त्याची शिवण कितीही नेटकी असली तरी तो मागे पडण्याची शक्यता असते. आपणांपैकी अनेक जण शिवणकाम, बुटिक किंवा कापडविक्री असा व्यवसाय सांभाळून शिकत आहेत. कोणत्या भाषेत आपले काम सांगता आले म्हणजे त्याला मोल येते, हा प्रश्न त्यांना परका वाटणार नाही.

७.२ दोन कार्यक्रम, एकच वर्ष

२००४ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत ‘प्रोजेक्ट रनवे’ हा कार्यक्रम सुरू झाला. दर भागात स्पर्धकांना एक काम द्यावयाचे, ठरावीक वेळात ते पुरे करून घ्यावयाचे, परीक्षकांनी एकेकाला वगळावयाचे आणि उरलेल्यांनी अखेरीस न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात आपली संपूर्ण वस्त्रमालिका सादर करावयाची, हा त्याचा साचा. पुढे जगभर निघालेल्या अशा कार्यक्रमांनी तो थोड्याफार फरकाने उचलला. कार्यक्रमाची सूत्रधार हायडी क्लुम ही मूळची जर्मन. बाद झालेल्या स्पर्धकाला ती जर्मन भाषेतील निरोपाचे शब्द उच्चारून घालवीत असे. निकाल सांगण्याचे अप्रिय काम परभाषेतील एका गोड शब्दावर सोपविले गेले, हे भाषाभ्यासकाने टिपून ठेवावे.

त्याच वर्षी मराठीत आदेश बांदेकर यांचा ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात वस्त्ररचनेची स्पर्धा नव्हती. सूत्रसंचालक घरोघरी जातो, गृहिणींशी गप्पा मारतो, खेळ घेतो आणि जिंकणारीला पैठणी मिळते, असे त्याचे स्वरूप होते. २०२२ साली ‘महामिनिस्टर’ या नावाने त्याचे विशेष पर्व झाले. महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत फेऱ्या होऊन अंतिम विजेतीला अकरा लाख रुपयांची पैठणी देण्यात आली.

हे दोन्ही कार्यक्रम शेजारी ठेवले तर एक फरक ठळकपणे दिसतो. पहिल्यात वस्त्र करणारा माणूस स्पर्धक आहे. वस्त्र हे त्याचे उत्तर आहे. दुसऱ्यात वस्त्र हे बक्षीस आहे. ते विणणारा येवल्याचा किंवा पैठणचा विणकर खेळाच्या चौकटीबाहेर राहतो. धोटा कसा फिरला, पदरावरचा मोर किती दिवसांनी पुरा झाला, हे त्याच्या तोंडून ऐकणे हा त्या खेळाचा भागच नाही. यात कार्यक्रमाचा दोष मानण्याचे कारण नाही; तो आनंदाचा खेळ आहे आणि त्याने पैठणी हा शब्द घराघरांत पुन्हा जागता ठेवला. मात्र वस्त्राबद्दल बोलण्याचा अधिकार मराठी दूरचित्रवाणीने कुणाला दिला, याचे उत्तर त्यातून मिळते: नेसणारीला मिळाला, विणणाऱ्याला मिळाला नाही.

संबंध या घटकाच्या दृष्टीनेही तुलना उद्बोधक आहे. ‘प्रोजेक्ट रनवे’मध्ये परीक्षक आणि स्पर्धक यांच्यात व्यावसायिक अंतर आहे. ‘होम मिनिस्टर’मध्ये सूत्रसंचालक स्पर्धक स्त्रीला ‘वहिनी’ म्हणतो आणि ती त्याला ‘भावोजी’. या एका नात्यामुळे परका पुरुष कॅमेऱ्यासह थेट बैठकीच्या खोलीत, प्रसंगी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू शकतो. ‘सर’ किंवा ‘साहेब’ या संबोधनाने ते साधले नसते. दीर-भावजयीच्या नात्यात थट्टेला मुभा असते आणि मर्यादाही ठरलेली असते. कार्यक्रमाची सारी भाषा या दोहोंच्या मधल्या जागेत वावरते.

७.३ नेसणे, घालणे, पांघरणे

आता वस्त्राच्या शब्दसंग्रहाकडे वळू. इंग्रजीत अंगावर वस्त्र धारण करण्यासाठी एक सर्वसाधारण क्रियापद पुरते. मराठीत तसे भागत नाही. साडी, लुगडे, धोतर, पीतांबर, सोवळे आपण नेसतो. सदरा, चोळी, झगा, परकर, विजार घालतो. शाल आणि घोंगडी पांघरतो. ओढणी, उपरणे, पदर घेतो. फेटा आणि मुंडावळ्या बांधतो. यांतील एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी सहज बसत नाही. ‘मी सदरा नेसलो’ असे म्हणणाऱ्याला लहान मूलही हसेल.

या विभागणीमागे एक वर्गीकरण आहे. जे वस्त्र शिवलेले नाही आणि जे कंबरेभोवती गुंडाळून, खोचून, निऱ्या घालून अंगावरच आकाराला येते, त्यासाठी नेसणे. ज्याला शिंप्याने आधीच आकार दिला आहे आणि ज्यात शरीर शिरते, त्यासाठी घालणे. नेसण्यात नेसणारी व्यक्ती दर वेळी वस्त्र नव्याने घडविते. चापूनचोपून नेसलेली आणि सैलसर नेसलेली अशी एकाच साडीची दोन रूपे होतात. घालण्यात हे काम शिंप्याने उरकलेले असते. नेसणे हे क्रियापद संस्कृत ‘नि’ या उपसर्गासह आलेल्या ‘वस्’ या धातूपासून आल्याचे सांगतात; वस्त्र आणि वसन हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे मराठीने जुने क्रियापद न शिवलेल्या वस्त्रासाठी राखून ठेवले.

या नियमाची खरी कसोटी अलीकडे लागली आहे. शिवलेली नऊवारी बाजारात आली. ती दिसते नऊवारीसारखी. काष्टा, निऱ्या, पदर सारे जागच्या जागी. परंतु पायजम्यासारखी पायांतून चढवावयाची. तिच्यासाठी कोणते क्रियापद? आपल्या आसपासच्या स्त्रियांचे बोलणे लक्ष देऊन ऐका. ‘मी रेडिमेड नऊवारी घातली’ हे वाक्य आता सर्रास कानी पडते. त्याच वेळी ‘नऊवारी नेसली’ असेही म्हटले जाते, विशेषतः वस्त्राची रचना सांगावयाची नसून समारंभाचा थाट सांगावयाचा असतो तेव्हा. एकाच वस्त्राला दोन क्रियापदे लागू लागली, याचा अर्थ त्या वस्त्राने दोन वर्गांमधली सीमा ओलांडली आहे. भाषा बदलताना दिसणे ही अभ्यासकाच्या वाट्याला क्वचित येणारी संधी असते, आणि ती आज आपणांस लग्नाच्या मांडवात उपलब्ध आहे.

याला जोडून एक गोष्ट. मराठीत नेसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे: नेसवणे. लग्नात नवरीला शालू नेसवणारी एखादी मामी किंवा काकू प्रत्येक घराण्यात असते. तिच्या बोटांत मापे असतात. उंच मुलीला किती निऱ्या, ठेंगणीला किती, हे तिला सांगावे लागत नाही. आज मुंबईत हेच काम व्यवसाय म्हणून केले जाते आणि त्याला ‘साडी ड्रेपिंग’ असे म्हणतात. कौशल्य तेच, साडी तीच. ‘नेसवून देते’ या शब्दांना मात्र घरगुती उपकाराचा वास आहे आणि ‘ड्रेपिंग’ या शब्दाला दरपत्रक आहे. शब्दाच्या बदलाने मानधन मिळत असेल तर त्या स्त्रीने तो बदल का करू नये, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्तच आहे. भाषावैज्ञानिकाने तिला दोष देऊ नये. मराठी शब्दाला व्यवसायाचे मोल का आले नाही, इकडे त्याने पाहावे.

७.४ बेत आणि बेतणे

‘डिझाइन’ या शब्दासाठी मराठीत आराखडा, रचना, नक्षी, अभिकल्प असे प्रतिशब्द सुचविले गेले आहेत. यांतील अभिकल्प हा शब्द परिभाषेत टिकला, तोंडात रुळला नाही. परंतु शिवणाऱ्यांच्या बोलीत याच अर्थाचा एक शब्द फार पूर्वीपासून आहे. अंगाच्या मापाप्रमाणे कापड आखून कापणे याला शिंपी ‘बेतणे’ म्हणतात. चोळी बेतली, सदरा बेतला. आणि ‘बेत’ म्हणजे योजना: जेवणाचा बेत, सहलीचा बेत. हिंदीतील ‘ब्योंत’ या शब्दातही कापडाची काटछाट आणि युक्ती हे दोन अर्थ शेजारी नांदतात. कापडाला कात्री लावण्यापूर्वी मनात सबंध वस्त्र उभे करावे लागते; एकदा कापलेले परत जोडता येत नाही. विचार आणि कात्री यांचा हा संबंध ‘बेत’ या दोन अक्षरी शब्दाने नेमका पकडला आहे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत स्पर्धक जे करतो ते तंतोतंत हेच असते. ‘त्याचा बेत फसला’ हे वाक्य अशा स्पर्धेत दोन्ही अर्थांनी खरे ठरू शकते.

शिवणकामाच्या परिभाषेत मराठीची श्रीमंती मोठी आहे: धावदोरा, टीप, टाका, हेम, दुमड, चुण्या, कळी, झालर, गोट, अस्तर, काज. या यादीकडे पाहून शुद्ध मराठीचा अभिमान बाळगण्याची घाई मात्र करू नये. अस्तर फारसीतून आले. जर, जरतारी, जरदोजी हे शब्दही फारसी ‘जर’ म्हणजे सोने या शब्दाचे वंशज. काज, फीत, इस्त्री हे शब्द पोर्तुगीजमधून आल्याचे मानले जाते. झंपर इंग्रजीतून आला आणि आजीच्या पिढीत इतका मुरला की तो कुणाला परका वाटेना. ज्या उपनगराच्या संदर्भात आपण हा घटक वाचत आहोत त्या सांताक्रूझचे नावच पोर्तुगीज आहे. त्याचा अर्थ पवित्र क्रूस. वस्तू येते, तिच्याबरोबर तिचे नाव येते, आणि काही पिढ्यांनी ते घरचे होते.

मग आजच्या इंग्रजी शब्दांबद्दल वेगळी चिंता का करावी? कारण काज आणि फीत हे शब्द कारागिराच्या हातून, वस्तूबरोबर आले. ते सर्वांच्या तोंडी एकदमच आले आणि कोणाचा शब्द हिरावून घेऊन आले नाहीत. सांताक्रूझ स्थानकाबाहेरच्या बाजारातील ‘मॅचिंग सेंटर’ पाहा. साडीच्या रंगाला जुळणारे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल मिळण्याचे ते ठिकाण. येथे मॅचिंग हा शब्द नाम झाला आहे; ‘मॅचिंग आणायला जाते’ हे वाक्य इंग्रजी भाषकाला उमगणार नाही. फॉल पुल्लिंगी झाला (फॉल लावला), लेस स्त्रीलिंगी झाली (लेस लावली). हे मराठीने पचविलेले शब्द होत. याउलट ‘साडी छान कॅरी केली’ या वाक्यातील कॅरी करणे पाहा. त्यासाठी मिरवणे, शोभणे, वागवणे, सांभाळणे ही क्रियापदे होती, आणि त्यांतील अर्थच्छटा वेगवेगळ्या होत्या. मिरवण्यात डौल आहे, सांभाळण्यात सवय नसल्याची कबुली आहे. ‘कॅरी करणे’ने या चौघींना एका खोलीत कोंबले. येथे नवी वस्तू आली नाही; केवळ नवी प्रतिष्ठा आली.

७.५ परीक्षकांपुढील निवेदन : तीन उताऱ्यांची तुलना

पुढील तीन उतारे अभ्यासासाठी रचलेले आहेत. तिन्हींत वर्णन एकाच पोशाखाचे आहे.

पहिला उतारा, शिवणाऱ्याचा: ‘खणाचं कापड आडवं घेतलंय, म्हणजे काठ उभा येतो. कमरेला सहा कळ्या. घेर खाली मोठा वाटतो, पण कापड वाया नाही गेलं. अस्तर मलमलचं, उकडत नाही.’

दुसरा उतारा, स्पर्धकाचा: ‘माझ्या कलेक्शनचं इन्स्पिरेशन आहे माझी रूट्स. मी ट्रॅडिशनल टेक्स्टाइलला एक कंटेम्पररी सिल्हूट दिलंय. इट्स अबाउट एम्पॉवरमेंट.’

तिसरा उतारा, वृत्तपत्राचा: ‘पारंपरिक खणाला आधुनिकतेची जोड देत तिने साकारलेल्या पेहरावाने उपस्थितांची मने जिंकली.’

पहिल्या उताऱ्यात चार वाक्ये आहेत आणि प्रत्येकात तपासून पाहता येईल अशी माहिती आहे. कळ्या सहा आहेत की आठ, हे मोजता येते. दुसऱ्यात तीन वाक्ये आहेत आणि त्यांतील एकही खोटे ठरविता येत नाही, कारण ती कोणत्याही पोशाखाला लागू पडतील. तिसरे वाक्य तर पोशाख न पाहताही लिहिता येईल. तरीही अंतिम फेरीत दुसरा उतारा विश्वासार्ह वाटतो आणि पहिला ‘टेलरचे बोलणे’ म्हणून बाजूला पडतो. रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९६७ साली फॅशनच्या व्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रत्यक्ष वस्त्र आणि नियतकालिकांतून शब्दांत मांडलेले वस्त्र यांत भेद केला आहे. फॅशन ही शब्दांतल्या वस्त्राने चालते, असे त्याच्या विवेचनावरून म्हणता येते. आपल्या उताऱ्यांना हा भेद लावून पाहिला तर पहिल्यात वस्त्र अधिक आहे, दुसऱ्यात फॅशन अधिक आहे.

माझ्या मते चांगल्या परीक्षकाने पहिल्या उताऱ्याला अधिक गुण द्यावेत. कापड वाया जाऊ न देणे हा रचनेतला विचार आहे, आणि उकाड्याच्या मुंबईत मलमलचे अस्तर हाही विचारच आहे. दुसऱ्या उताऱ्यातील स्पर्धकाला हे ठाऊक नसेल असे नाही. बहुधा ठाऊक असते. ते सांगण्यासारखे आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे उदाहरण येथे आठवते. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने करण्यापासून सुरुवात केलेल्या या कलावतीने पुढे हिंदी चित्रपटांची वेशभूषा केली, आणि ‘गांधी’ या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळविले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात झगमगाट दाखविण्याजोगे फार थोडे होते. पंचा, खादी, सुती साडी यांतून काळ, प्रदेश आणि वर्ग दाखवावयाचा होता. कोणत्या प्रांतात धोतर कसे नेसतात, पदर कोणत्या खांद्यावरून येतो, हे ज्ञान तेथे कामी येते. आणि हे ज्ञान बोलीभाषांतील शब्दांत साठविलेले असते.

७.६ निकालाचे वाक्य

अंतिम फेरीतील शेवटचा भाषाव्यवहार म्हणजे निकाल. जे. एल. ऑस्टिन याने दाखवून दिले की काही वाक्ये माहिती देत नाहीत, कृती करतात. परीक्षकाने विजेत्याचे नाव उच्चारण्यापूर्वी कुणीच विजेता नसतो, उच्चारानंतर असतो. अशी कृती घडण्यासाठी बोलणाऱ्याला अधिकार हवा, प्रसंग योग्य हवा. प्रेक्षागृहातील एखाद्याने तेच नाव मोठ्याने ओरडले तर काहीच घडत नाही.

मराठीत हे वाक्य कसे बोलले जाते ते पाहा. ‘आणि या वर्षीची विजेती आहे...’ मग ढोल, मग विराम, मग नाव. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ‘अमुक विजेती ठरली’ ही सहज रचना. क्रियापदानंतर नाम आणणे मराठीला अगदीच वर्ज्य नाही, जोर देण्यासाठी आपण तसे करतो. परंतु दूरचित्रवाणीला नाव शेवटी हवे असते, कारण ते टांगून ठेवता येते, मध्ये जाहिरातही घालता येते. माध्यमाच्या गरजेने शब्दक्रम ठरला, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. ‘ठरली’च्या जागी ‘आहे’ आल्याने आणखी एक फरक पडतो. ‘ठरली’मध्ये कुणीतरी ठरविल्याची खूण आहे. ‘आहे’मध्ये ती पुसली जाते, जणू ती आधीपासूनच विजेती होती आणि आता केवळ कळले.

७.७ कापडाच्या पैशातून उभे राहिलेले विद्यापीठ

सांताक्रूझच्या पश्चिमेस जुहू तारा रस्त्यावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे संकुल आहे. तेथील प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निकमध्ये वस्त्ररचनेचे शिक्षण दिले जाते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली हे विद्यापीठ पुण्यात स्थापन केले, तेव्हा स्त्रियांना उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावे हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी तो धाडसाचा होता. मातृभाषेतून घेतलेल्या पदवीला सरकारी मान्यता मिळण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी मोठी देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. ठाकरसी हे मुंबईतील गिरणीमालक होते. म्हणजे कापडाच्या पैशातून मातृभाषेचे विद्यापीठ उभे राहिले. आज शतकानंतर वस्त्ररचनेची पाठ्यपुस्तके प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, आणि ज्या कारखान्यात ती रचना शिवली जाते तेथे कारागिरांशी बोलण्याची भाषा बहुधा हिंदी असते. मराठी या दोहोंच्या मध्ये, घरी, दुकानात आणि लग्नघरात उरते.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. वस्त्रकलेच्या शब्दांची वेगळी गरज अशी की ते कार्यालयात बसून घडवावे लागत नाहीत. मागावर, शिवणयंत्रापाशी आणि मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर ते आज बोलले जात आहेत. चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, अबोली, अंजिरी ही रंगनावे दुकानदाराला कळतात. नारळी काठ, आसावली, मुनिया, बांगडीमोर हे पैठणीचे शब्द विणकराला कळतात. ते नोंदविणारी वही मात्र कुणीतरी घालावी लागेल.

७.८ क्षेत्रकार्य

आपल्या परिसरातील एक शिंपी, एक कापडविक्रेता आणि साडी नेसवून देणारी एक स्त्री यांची निवड करावी. प्रत्येकाशी अर्धा तास बोलून, त्यांच्या संमतीने, वस्त्रासंबंधीचे किमान पंचवीस शब्द ते ज्या वाक्यात आले त्या वाक्यासह लिहून घ्यावेत. केवळ शब्दांची यादी स्वीकारली जाणार नाही, वाक्य हवे. क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावे आणि शिवलेल्या नऊवारीसाठी प्रत्येकाने कोणते क्रियापद वापरले ते वेगळे नोंदवावे. प्रश्न विचारताना आपण ते क्रियापद आधी उच्चारू नये, अन्यथा उत्तरात तेच परत येईल. वस्त्र दाखवून ‘हे कसे करतात?’ एवढेच विचारावे आणि थांबावे.